शून्य धरलेला दुवा

पडद्यावर एक बिंदू जास्त होता.

शाल्मली नाबरने गणित पुन्हा एकदा चालवून पाहिले. बिंदू हलला नाही. अतळ वसाहतीत एकशे चौऱ्याऐंशी माणसे राहत होती. विजयदुर्गच्या पश्चिमेला, समुद्राच्या तळाशी बसवलेल्या त्या दोन घुमटांत चोरून शिरायला वाट नव्हती. वरून पाणबुडी यायची ती महिन्या-दीड महिन्यातून एकदा, आणि तिच्यातून उतरणारा प्रत्येक जण डॉक्टरांच्या हाताखालून जायचा. तरीही शाल्मलीचे चलजाल ठामपणे सांगत होते, की इथे एकशे पंच्याऐंशी माणसे आहेत.

तिने डॉक्टर फरीद मुकादमना बोलावून घेतले. मुकादम दाभोळचे, चाळिशीच्या आसपासचे, वसाहतीचे एकुलते एक डॉक्टर. गेले काही दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. दक्षिण घुमटातली पाणतुकडी गाळात खोदकाम करून परतली आणि तिच्यातल्या काहींना ताप भरला. कणकण, मग छातीत सूज, मग दम. मुकादमांनी त्याला गाळताप असे नाव दिले. पुढे तोच ताप उत्तर घुमटात निघाला, आणि नेमका शाल्मलीच्या मजल्यावर. तिचे दोन साहाय्यक आणि चहा आणून देणारे परबकाका असे तिघे आडवे झाले. यांतला एकही जण दक्षिणेकडे फिरकला नव्हता. वर समुद्रावर चक्रीवादळ घोंघावत होते, त्यामुळे पाणबुडी यायची आशा नव्हती. तपासणीचे द्रावण तर इतके थोडे उरले होते, की ताप नसलेल्या माणसावर ते खर्च करणे परवडत नव्हते. कोणाकडे आधी पाहायचे हे ठरवण्यासाठी मुकादमांनी चलजालाची मदत मागितली होती.

चलजाल म्हणजे माणसांच्या सोबतीचा सतत बदलणारा नकाशा. प्रत्येक माणूस एक बिंदू, आणि दोन माणसे एकमेकांजवळ आली की त्यांच्यामध्ये एक दुवा. दुवे रोज थोडे जाड होतात, थोडे झिजतात, काही तुटतात. वसाहतीत प्रत्येकाच्या मनगटावर सान्निध्यपट्टी असे. दुसरी पट्टी हाताच्या अंतरात आली की ती नोंद घेई. मात्र माणसांवर सतत पाळत ठेवायला कायद्याची मनाई होती, म्हणून पट्ट्या दिवसभरात अधूनमधून क्षणभरच जाग्या होत. मधले सगळे अंदाजाने भरून काढायचे असे, आणि तो अंदाज शास्त्रशुद्ध कसा बांधावा यावर शाल्मलीने अर्धे आयुष्य घालवले होते.

"हा कोण?" मुकादमांनी पडद्यावरच्या राखाडी ठिपक्याकडे बोट दाखवले.

"याला नाव नाही. आम्ही याला गुप्तबिंदू म्हणतो," शाल्मली म्हणाली. "दक्षिणेत ताप कोणाला कधी आला, उत्तरेत कोणाला कधी आला, हे तुम्ही दिलंत. कोण कोणाजवळ होतं ते पट्ट्यांनी दिलं, जेवढं दिलं तेवढं. ताप तर इकडून तिकडे गेलाय. मधे कोणीतरी असायलाच हवं. नोंदीतल्या एकाही माणसावर ते बसत नाही, तुमच्यावरही नाही. नोंदीत नसलेला एक माणूस धरला, की सगळा हिशेब जुळतो."

मुकादमांना ते पटकन पटेना. गणित माणूस कसा काय निर्माण करते, असे त्यांनी विचारले. तेव्हा तिने त्यांना जालाची रीत सांगितली. गणित कोऱ्या पाटीवर सुरू होत नाही. पुरावा येण्याआधी आपल्याला काय वाटते तो आकडा आधी लिहायचा. ती पूर्वशक्यता. एकाच खोलीत राहणाऱ्या दोघांमध्ये दुवा असण्याची पूर्वशक्यता मोठी, वेगळ्या घुमटांतल्या अनोळखी माणसांमध्ये अगदी लहान. मग जो पुरावा येईल त्याने त्या आकड्याला गुणायचे. जे उत्तर येईल ती उत्तरशक्यता, आणि उद्याचा पुरावा आला की हीच पूर्वशक्यता होते. असे रोज.

"म्हणजे निदानासारखंच," मुकादम म्हणाले. "पेशंट खोकत आला तर त्या गावात क्षय किती आहे ते आधी मनात असतं. मग स्टेथोस्कोप काय सांगतो ते बघायचं."

"तेच. तुम्ही मनात करता, मी कागदावर करते."

मुकादमांनी पडद्यावर पुन्हा नजर फिरवली. गुप्तबिंदूचे एक टोक दक्षिणेत पाणतुकडीजवळ होते. दुसरे टोक उत्तरेत होते, तिथे त्याचे दुवे शाल्मलीच्या साहाय्यकांकडे, परबकाकांकडे, ग्रंथालयाकडे गेले होते. "ताई, हा माणूस तुमच्याच अवतीभवती वावरतो की," ते म्हणाले. शाल्मलीच्याही ते लक्षात आले होते. तिला त्याची थोडी भीतीही वाटली होती.

पाणतुकडीत तिची मुलगी होती.

शाल्मली आणि कृत्तिका यांचे बोलणे बंद होऊन आता बरीच वर्षे झाली होती. कृत्तिकाचे वडील, अच्युत नाबर, अतळ वसाहतीचे खांब उभारले जात असताना समुद्रात गेले ते परत आले नाहीत. कृत्तिका तेव्हा आईच्याच हाताखाली संख्याशास्त्र शिकत होती. डोक्याने तल्लख होती. शाल्मलीचे सहकारी म्हणायचे की पोरगी आईच्या पुढे जाईल. वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर तिने शिक्षण सोडले आणि पाणतुकडीत नाव घातले. बाबांनी अर्धवट टाकलेले काम आपण पुरे करणार, एवढेच तिने सांगितले. शाल्मलीने आधी समजावले, मग ती रडली, आणि शेवटी म्हणाली, की त्या समुद्रात उतरलीस तर पुन्हा मला आई म्हणू नकोस. कृत्तिका उतरली, आणि तिने आईचा शब्द अक्षरशः पाळला.

त्यानंतर काही वर्षांनी वसाहतीला एका संख्याशास्त्रज्ञाची गरज आहे अशी जाहिरात आली. बंद जागेत राहणाऱ्या माणसांची नाती कशी बदलतात याचा अभ्यास करायचा होता. शाल्मलीला गुडघाभर पाण्यातही उभे राहवत नसे. तिने अर्ज केला. विचारणाऱ्यांना ती सांगायची, की चलजालासाठी यापेक्षा चांगली जागा जगात सापडणार नाही. ते खरेही होते, त्यामुळे कोणी पुढे काही विचारले नाही.

आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात दोन घुमटांमधल्या जोडबोगद्यात दोघी समोरासमोर आल्या. कृत्तिकाच्या केसांत पाणी होते, खांद्यावर नळी होती. तिने आईकडे पाहिले, बाजूला सरून वाट दिली आणि निघून गेली. शाल्मली आपल्या खोलीत आली आणि तिने चलजाल उघडले. जालाला आडनावे कळत. रक्ताच्या नात्यात सोबतीची शक्यता जास्त, हा त्यात घालून दिलेला सर्वसाधारण नियम होता. म्हणून पडद्यावर ओळ आली होती: शाल्मली नाबर, कृत्तिका नाबर, ऐंशी टक्के. दुसऱ्या दिवशीही तीच. रोज सकाळी काम सुरू करताना ती ओळ दिसे. एका सकाळी तिने ऐंशी खोडून तिथे स्वतःच्या हाताने शून्य लिहिले. बाकी कोणाचे असते तर तिने एखादा बारीक आकडा ठेवला असता, कारण माणसांविषयी पक्के काही माहीत नसते, असे ती विद्यार्थ्यांना नेहमी सांगे. पण इथे तर तिला पक्के माहीत होते. शिवाय शून्य लिहिले की रोज वाट बघावी लागत नाही.

गुप्तबिंदूची बातमी वसाहतप्रमुख रघुवीर धुरी यांना सांगणे भागच होते. धुरी नौदलातून आलेले, मितभाषी आणि जबाबदारीने वागणारे गृहस्थ. त्यांनी ऐकून घेतले आणि शोध सुरू केला. कोठारे पाहिली, टाक्यांच्या मागे पाहिले, शैवालाच्या वाफ्यांमध्ये पाहिले. कोणी सापडले नाही. मात्र शोध सुरू झाल्याबरोबर माणसांना भास होऊ लागले. कोणाला पावले ऐकू आली, कोणाच्या डब्यातली भाकरी कमी झाली. दोन दिवसांत लोक एकटे फिरेनासे झाले आणि एकमेकांकडे संशयाने बघू लागले.

इकडे दक्षिणेतले रुग्ण वाढत होते. रुग्णालय उत्तरेत. मुकादम रोज बोगद्यातून तिकडे जात, पण छातीला सूज आलेल्यांना प्राणवायूच्या खाटेवर आणणे गरजेचे होते. धुरींनी त्याला नकार दिला आणि बोगदा बंद करायचे ठरवले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. सगळ्या वसाहतीची हवा बनवणारे यंत्र उत्तर घुमटात होते, आणि ते चालवू शकणारी माणसे मोजकी होती. ती आडवी झाली तर दोन्ही घुमटांत कोणीच उरणार नव्हते. जोवर ताप वाहून नेणारा तो अज्ञात माणूस मोकळा फिरतो आहे, तोवर दार उघडे ठेवता येत नाही, असे ते म्हणाले. ज्याला ओळखतो त्याला वेगळे ठेवता येते; ज्याला ओळखत नाही त्याच्यासाठी दारच बंद करावे लागते.

शाल्मलीने विचारले, की दक्षिणेत जास्त आजारी कोण कोण आहे.

मुकादमांनी तिच्याकडे पाहिले नाही. "तिघं. त्यात कृत्तिका आहे," ते म्हणाले. "काल संध्याकाळपासून तिला धाप लागतेय. मी तुम्हाला सांगणारच होतो."

बोगदा दुसऱ्या दिवशी दुपारी बंद व्हायचा होता. शाल्मली पडद्यासमोर जाऊन बसली. मुकादम तिच्यासोबत बसले. त्यांना तिला एकटे ठेवायचे नव्हते आणि त्यांना स्वतःलाही एकटे राहायचे नव्हते. तिने गुप्तबिंदू काढून टाकून पाहिला, हिशेब तुटला. दोन गुप्तबिंदू धरून पाहिले. जालाने दुसरा नाकारला. एकच माणूस होता, आणि तो आहे याची जालाला जवळजवळ खात्री होती. तिने जे जे बदलून पाहिले त्यातून तो आणखी पक्का होत गेला.

मुकादम थकून हसले. "आमच्या खालेकडे, म्हणजे मावशीकडे, एक मांजर होती," ते सहज बोलावे तसे बोलू लागले. "खालेचा तिच्यावर फार जीव. माझी मांजर माशाला तोंड लावणार नाही, म्हणजे नाहीच. मग एक दिवस सुरमई गेली. खाला म्हणाली, चोर आला. आठवड्यानं पापलेट गेला. पुन्हा चोर. मोहल्ल्यातली पोरं रात्रभर पहारा देत होती. एवढा हुशार चोर, की कुलूप न तोडता येतो आणि फक्त मासेच नेतो."

शाल्मली त्यांच्याकडे बघत राहिली.

"काय झालं?" मुकादमांनी विचारले.

"चोर नव्हताच," ती सावकाश म्हणाली. "तुमच्या खालेनं मांजरीला शून्य दिलं होतं. शून्याला कितीही पुराव्यानं गुणा, शून्यच राहणार. मासा तर गेलाय. मग मधे चोर उभा करावाच लागतो."

मुकादमांना ते कळले, पण त्याचा इथे काय संबंध हे कळले नाही. त्यांनी विचारले, की जालात असे शून्य कोणी ठेवले आहे का. शाल्मलीने तक्ता उघडला, आपल्या आडनावाची ओळ शोधली आणि त्यांना दाखवली. मुकादम वसाहतीत सगळ्यांना ओळखत होते. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

"पण तुम्ही दोघी भेटत नाही," ते म्हणाले.

"नाही भेटत. मला माहीत आहे. म्हणूनच मी शून्य लिहिलं."

तिने शून्य पुसले आणि तिथे हजारात एक एवढा आकडा लिहिला. याहून कमी लिहायचा धीर तिला होईना, याहून जास्त आशा तिला झेपेना. मग तिने गणित चालू केले. पुरावा एकामागून एक त्या बारीकशा आकड्याला गुणत गेला. आधी काहीच घडले नाही. मग आकडा वाढू लागला. अर्ध्यावर आला, अर्ध्याच्या पुढे गेला, आणि ज्या वेगाने तो वाढत होता त्याच वेगाने राखाडी ठिपका फिकट होत गेला. शेवटी तो नाहीसा झाला. पडद्यावर एकशे चौऱ्याऐंशी बिंदू उरले. शाल्मली आणि कृत्तिका यांच्यामधला दुवा शंभरात नव्याण्णव झाला होता.

ज्या नोंदी असंभव ठरतात त्या जाल यंत्राची चूक समजून एका बाजूला टाकते. शाल्मलीने तो ढिगारा उघडला. महिनोन् महिने, जवळजवळ रोज तिची पट्टी आणि कृत्तिकाची पट्टी एकमेकींना ओळखत होत्या. हाताच्या अंतरावरून. पट्ट्यांनी प्रत्येक वेळी सांगितले होते आणि जालाने प्रत्येक वेळी ते चूक म्हणून फेकून दिले होते, कारण तिनेच त्याला तसे शिकवले होते.

"हे कुठं झालं असेल?" मुकादमांनी विचारले. तिला सांगता येईना. तिला एकही भेट आठवत नव्हती. पण त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट तिच्या लक्षात आधीच आली होती. ताप दक्षिणेतून उत्तरेत आणणारा माणूस तिच्या अवतीभवती वावरत होता, तिच्या साहाय्यकांना भेटत होता, तिच्या चहावाल्याला भेटत होता. कारण तो माणूस तीच होती. दहातल्या एखाद्याला गाळताप होऊनही कळत नाही, असे मुकादमांनीच तिला सांगितले होते. तिने मनगट पुढे केले आणि त्यांना तपासणी करायला सांगितले. मुकादमांनी उरलेल्या द्रावणातले दोन थेंब वापरले. तपासणीचा कागद निळा झाला: जंतू तिच्या अंगात होता.

त्यांनी धुरींना बोलावून घेतले. शाल्मलीने काही न लपवता सगळे सांगितले: शून्य कोणी लिहिले, का लिहिले, आणि त्यामुळे तीन दिवस सगळी वसाहत मुळात नसलेल्या माणसाला कशी शोधत होती. धुरींनी एकच प्रश्न विचारला. आता आणखी कोणी अज्ञात उरले आहे का. ती म्हणाली, की नाही; ती कोणाकोणाजवळ गेली ते जाल सांगू शकते, आणि ती माणसे आत्ता कुठे आहेत हेही. हवेच्या यंत्राजवळचे कोणीही त्यात नाही. धुरींनी तक्ता पाहिला, मुकादमांकडे पाहिले आणि बोगदा उघडा ठेवायचा हुकूम दिला. त्या दुपारी तिन्ही रुग्णांना प्राणवायूच्या खाटांवर आणले गेले. रुग्णालयात विलगीकरणाच्या दोनच खोल्या होत्या. एकीत पाणतुकडीतले दोघे पुरुष गेले. दुसरीत कृत्तिका.

शाल्मलीलाही विलग करणे भाग होते, आणि तिसरी खोली नव्हती. दोघींच्या अंगात एकच जंतू, त्यामुळे एकीचा दुसरीला धोका नाही, हे मुकादमांनी डॉक्टरी आवाजात सांगितले. मग तो आवाज सोडून ते म्हणाले, की तरी मी आधी तिला विचारून येतो. ते आत गेले आणि लगेच परत आले. कृत्तिकाने उलट निरोप दिला होता: त्यांना चालणार असेल तर मला चालेल.

शाल्मली आत गेली तेव्हा कृत्तिकाच्या नाकाला नळी होती आणि डोळे मिटलेले होते. ती वाळली होती. गळ्याजवळ पाणपोशाखाचा घट्टा पडला होता. अच्युतच्या गळ्याशी अगदी तिथेच तसा असायचा. शाल्मली खुर्चीवर बसली. तिने कृत्तिकाच्या अंगावरची चादर नीट केली. चादर आधीच नीट होती.

"नळगल्ली," डोळे न उघडता कृत्तिका म्हणाली.

"काय?"

"मघाशी डॉक्टर मला विचारत होते, आपल्या पट्ट्या कुठं भेटल्या म्हणून. तुझ्या खोलीच्या भिंतीमागं नळगल्ली आहे. हवेच्या नळ्या जातात तिथून. तपासायचं काम आमच्याकडं असतं. बोगद्याच्या बाजूनं झडप आहे, उत्तरेत यावंच लागत नाही." धाप लागली म्हणून ती थांबली. "तिथं बसून मी डबा खाते."

शाल्मलीला तिच्या खोलीतली ती जाळी आठवली. मेजाच्या मागे, भिंतीत, पाठीशी. ती तिच्याकडे कधी वळूनही बघत नसे.

"तिथं काय आहे बसायला?" तिने विचारले.

"तू आकडे मोठ्यानं बोलतेस. काम करताना. तुला माहीत नाही, पण बोलतेस. मी लहान होते तेव्हापासून बोलतेस. मला तेच ऐकत झोप लागायची." कृत्तिकाने आता डोळे उघडले, पण ती छताकडेच बघत होती. "पाण्यात फार शांत असतं. वर आल्यावर मला ते ऐकावंसं वाटायचं."

"मग आत का नाही आलीस?"

"आत आले असते तर बोलावं लागलं असतं. आणि काय म्हणून हाक मारायची तेही ठरलेलं नव्हतं."

शाल्मलीने मान खाली घातली. मग तिने सांगितले, की मी इथे जालासाठी आले नाही. कृत्तिका म्हणाली, की ते मला पहिल्या दिवशीच कळले होते. जी बाई मालवणच्या किनाऱ्यावर चपला काढत नाही ती समुद्राच्या तळाशी संशोधनाला येत नाही.

"आई म्हण," शाल्मली म्हणाली. "तो शब्द मी परत घेते."

कृत्तिकाचा हात चादरीवरून सरकत आला आणि आईच्या हातावर पडला. हात तापाने गरम होता. शाल्मलीने तो तसाच राहू दिला.

सूज उतरायला बरेच दिवस लागले. परबकाका हिंडू-फिरू लागले, साहाय्यक कामावर आले, आणि कृत्तिकाच्या नाकातली नळीही निघाली. विलगीकरण संपायला थोडा अवधी होता तेव्हा एका दुपारी मुकादमांनी काचेपलीकडून जालाचा पडदा असलेली एक पाटी आत सरकवली. शाल्मलीच्या सांगण्यावरून त्यांनी जालातले हाताने लिहिलेले सगळे आकडे काढून गणित नव्याने चालवले होते. बहुतेक ठिकाणी फरक पडला नव्हता. पण एका दुव्याबद्दल त्यांना शंका होती. चलजाल नुसता दुवा दाखवत नाही. कोणाच्या हालचालीमागून कोणाची हालचाल बदलली तेही ते सांगते. मायलेकींच्या दुव्यावर त्याने दोन बाण काढले होते, एक इकडून तिकडे आणि एक तिकडून इकडे. हे चुकले असणार, असे मुकादमांचे मत होते, कारण जाळीमागे कोणी आहे हे ताईंना तर ठाऊकच नव्हते.

शाल्मलीने पाटी मांडीवर घेतली. कृत्तिका कोपरावर उठून बघू लागली. पूर्वी कृत्तिकाच्या कामाची पाळी सकाळची होती, तेव्हा ती सकाळी नळगल्लीत बसे. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिची पाळी दुपारची झाली. त्यानंतर आठवडाभरात शाल्मलीने सकाळी ग्रंथालयात बसायला आणि दुपारी खोलीत काम करायला सुरुवात केली होती. दिवाळीनंतर कृत्तिकाची पाळी पुन्हा बदलली, सरकून थोडी उशिरा गेली. शाल्मलीचीही वेळ सरकली होती. मधे कृत्तिका दोन आठवडे वर किनाऱ्यावर गेली होती. तेवढे दिवस शाल्मली खोलीत फारशी थांबलीच नव्हती.

शाल्मलीने तारखा दोनदा पडताळल्या. तिला आठवत होते, की त्या दिवसांत तिचे खोलीत लक्ष लागत नसे. हवा कोंडल्यासारखी वाटते, अशी तक्रारही तिने केली होती. आणि दुपारी कामाला जोर येतो तो चहामुळे, अशी तिची समजूत होती. जाळीतून डब्याच्या झाकणाचा आवाज येत असेल, कधी एखादी खोकल्याची उबळ, कधी नुसता श्वास. तिने ते ऐकल्याचे तिला कधी कळले नव्हते.

"हे खरं आहे?" कृत्तिकाने विचारले.

शाल्मलीने विचार केला. अशा प्रश्नाला ती आयुष्यभर एकच उत्तर देत आली होती, की शक्यता बरीच आहे, पण खात्री देता येत नाही.

"खरं आहे," ती म्हणाली, आणि पाटी बाजूला ठेवून मुलीच्या उशाशी सरकून बसली.